बटणं चालू

वीज गेली की मी घरातली सगळी बटणं चालू करून ठेवते.
न्हाणीतलं, ओटीवरचं, देवापुढचंसुद्धा.
शेजारची निंगव्वा म्हणते, बिल वाढंल बाई.
वाढू दे.
मला बातमी हवी असते,
आणि जांबोटीत पावसाळ्यात बातमी तारेतूनच येते.

दिवा लागला, म्हणजे जोडणी झाली.
जोडणी झाली, म्हणजे मष्णू खाली उतरला.
पुढच्या खांबावर चढला का,
ते दिवा सांगत नाही.

हातमोजे दिलेत कंपनीनं.
गाडीच्या पेटीत असतात, त्यात तंबाखूची चंची.
"मोज्यातनं तार कळत नाय गं," म्हणतो,
जसं कुणी म्हणावं, चमच्यानं भात कळत नाही.

मी त्याला पहिल्यांदा बघितला तो खालूनच.
कणकुंबीच्या जत्रेत, माडावर:
दोन तळपाय, आणि दातात धरलेली माईकची वायर.
बाकीच्या बायकांनी डोळे झाकले.
मी नाही झाकले.
तिथंच चुकलं असंल माझं.

माझे गेले ते सगळे जमिनीवरून गेले.
बाबा रात्री तीनदा उठून सिलेंडर बघायचे.
खुर्चीत बसून दाढी करताना गेले,
एका गालावर साबण तसाच.
वैजू पाण्याला भ्यायचा.
हब्बनहट्टीचा मारुती पुरात बुडतो ते बघायला गेला
तेव्हा काठावर, सगळ्यांच्या मागं उभा होता.
काठच गेला.

तर मी कुणाला कुठल्या तोंडानं सांगू, सांभाळून राहा?
सांगते तरी. रोज सांगते.
तो चपला घालत म्हणतो, येतो.
आपल्यात जातो म्हणत नाहीत.
निंगव्वाच्यात म्हणतात, होगि बर्तीनि, जाऊन येतो.
निदान जाणं तरी कबूल आहे त्यात.
आणि फोन केला, की हा खुशाल कानडीत, बंदे, बंदे.
आलो, आलो.
तेव्हा तो चोर्ल्याच्या वळणावर
तारेवर आडव्या पडलेल्या ऐनाच्या बुंध्यावर उभा असतो.
इकडं दोन भाषा आहेत,
आणि दोन्हींत निघालेला माणूस आलेलाच असतो.

गेल्या आषाढात दिवे साडेनऊला लागले.
माणूस पाऊण वाजता आला.
कुणाच्या तरी पडवीत भजी खात बसला होता म्हणे.
मी पळी फेकून मारली.
नेमकं डोक्यावर हेल्मेट होतं;
इतक्या वर्षांत पहिल्यांदा कामाला आलं.
मग पाणी तापवलं.
बोटं मोजली त्याची, भिजलेल्या सालीचा वास येणारी.
दहा होती. परत मोजली.

एकदा खानापूरला बिलाच्या खिडकीवर बदली झालेली.
मीच नवस बोलले होते.
पंधरा दिवस इस्त्रीचा शर्ट घालून गेला, आला,
आणि रात्री झोपेत त्याचे पाय
काहीतरी चढत राहिले.
मला खुर्चीत बसलेला माणूस बघवत नाही.
नवस परत कसा घेतात ठाऊक नव्हतं.
नारळ फोडला नि म्हटलं, आई, राहू दे.

आता वारं सुटलंय.
फणसाची एक फांदी मोडल्याचा आवाज आला, मग काळोख.
तो कधीचाच गेलाय, येतो म्हणून.
मी भिंत चाचपत
एकेक बटण खाली केलंय.

निंगव्वा बॅटरी घेऊन दारात येते.
बंदनेनु? विचारते.
बंद, म्हणते मी.
तिच्या भाषेत त्याचा अर्थ, आला.
माझ्या भाषेतला तिला ठाऊक आहे.
ती बॅटरी विझवते
आणि उंबऱ्यावर, माझ्यासाठी जागा सोडून, बसते.