पुठ्ठ्याची नळी

एलिसो फोनवर म्हणाली, बाबा, टॉयलेट पेपर संपला की
आतली पुठ्ठ्याची नळी टाकू नका.
त्या नळीतून जे आरपार जातं
ते बार्बारेच्या घशात अडकू शकतं.

तीन दिवस झाले, मी घरभर हिंडतोय, हातात नळी,
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा.
अक्रोड: गेला.
बुद्धिबळातलं प्यादं गेलं. हत्ती गेला, उंट गेला.
वजीर जरा अडखळला, मग तोही गेला.
त्सियालाचं शिवणाचं अंगुस्तान गेलं.
माझ्या कानातल्या यंत्राचा सेल गेला
अजिबात आवाज न करता,
किंवा केला असेल,
यंत्र तेव्हा कानात नव्हतं.

गॅलरीच्या गजांमधून माझी मूठ जाते.
लाकडी नक्षीची गॅलरी आमची, तिबिलिसीला येणारे पाहुणे
खाली अंगणात थांबून तिचे फोटो काढतात.
ओतारकडून मासे धरायचं जुनं जाळं आणलं,
खालपासून छातीपर्यंत ताणून बांधलं.
त्सियाला म्हणाली, झालं,
आता आपण दोघं बाजारात मांडलेले ट्राउट.

मोरीखालचं ॲसिड वर गेलं.
लिमोनेडच्या बाटलीत भरलेली द्राक्षाची दारू
त्याहून वर, फ्रिजवरच्या कपाटात, माझ्या गोळ्यांशेजारी,
आणि कपाटाला पांढरी प्लास्टिकची कडी.
ही कडी नातीसाठी, की तुमच्यासाठी?
त्सियालाच्या जिभेला हाड नाही, पहिल्यापासूनच.

निजायच्या खोलीत कपाट भिंतीला स्क्रूनं आवळलं
आणि मग पोटावर झोपलो. रांगलो.
एकाहत्तराव्या वर्षी कळलं की घर खालून बघायचं असतं.
खालून टेबलक्लॉथ म्हणजे धरून चढायचा दोर.
खालून प्लगाची भोकं म्हणजे दोन डोळे,
बोट घाल, बोट घाल म्हणणारे.
पलंगाखाली एक मोजा सापडला, कुणाचा ते दोघांनाही आठवेना.

बैठकीची खोली मी शेवटी ठेवली होती.

तिथं गालिच्याखाली एक काळं वर्तुळ आहे,
घमेल्याएवढं.
त्या हिवाळ्यात शहरात वीज नव्हती, गॅस नव्हता,
सगळं बिऱ्हाड एका खोलीत, मधोमध रॉकेलचा स्टोव्ह,
त्यावर पाण्याचं पातेलं.
एलिसो चौदा महिन्यांची. त्सियालाचं बोट सोडून
पहिल्यांदाच एकटी उभी राहिली.
मी या बाजूला होतो.
दोन्ही हात पसरले आणि म्हणालो,
ये.

गालिचा परत अंथरला.
कोपरे चिकटपट्टीनं चिकटवले, पाय अडकू नये म्हणून.

काल त्या आल्या, थेसालोनिकीहून.
बार्बारेनं जाळ्याकडे पाहिलं नाही.
टेबलाच्या कडांना लावलेल्या फोमकडे पाहिलं नाही.
शेल्फावरून पुठ्ठ्याची नळी ओढली
आणि संध्याकाळपर्यंत ओलीचिंब चघळून
तिचा लगदा केला.
एलिसो हसत होती. आता मोजणार कशानं, बाबा?

रात्री दोनला छातीत जड वाटलं.
फ्रिजवरच्या कपाटाची कडी उघडेना.
मीच बसवलेली, डोळ्यात तेल घालून.
वर दाबली, खाली दाबली, नखानं ओढली,
आवाज होऊ नये म्हणून
कपाळ दाराला टेकवून उभा राहिलो.

एलिसो अनवाणी आली.
काही न विचारता हात वर नेला,
अंगठ्यानं कुठंतरी दाबलं, दार सुटलं.
तिच्या झग्याची बाही खांद्याकडे घसरली होती.
फ्रिजच्या हिरव्या बारीक दिव्यात
मनगटापासून कोपरापर्यंतची ती कातडी,
दुधावरच्या सायीसारखी आकसलेली.

मी गोळी जिभेखाली ठेवली.
गोळी विरघळेपर्यंत बोलायचं नसतं.

तिनं दार लावलं,
ओढून बघितलं,
पुन्हा एकदा ओढून बघितलं.