पार

सावईवेऱ्याच्या उतारावर, पाट वळतो तिथे
आमचा फणस. दोघांच्या कवेत मावत नाही.
त्याच्या अंगाने मिरवेल चढलेली,
कुठे संपते ते खालून दिसत नाही.

बोटीवरची बावीस वर्षं संपवून घरी आलो
तेव्हा पहिलं काम हेच केलं:
बुंध्याभोवती पार बांधला.
चिरा, सिमेंट, वर निळ्या नक्षीची लादी.
झाडाचा मान म्हणून. खरं तर
मला बसायला.

पुढच्या वर्षी एवढे फणस धरले
की अगदी बुडख्याशी, लादीला टेकून लागले.
गावभर वाटले. मी पाय हलवत बसलो
माझंच काही फळल्यासारखा.

चवथ झाली आणि वेलीची पानं पडू लागली.
हिरवीच पडायची. काठाला काळा डाग,
पाणी प्यायलेल्या कागदासारखा.
फणसाचा शेंडाही उघडा पडलेला.
तिथे एक घार येऊन बसू लागली.
आधी तिला जागा नव्हती.

इनास पाडेली वर जाऊन आला.
दोरी गुंडाळत म्हणाला,
"पात्रांव, गेल्या वर्षीचे फणस आनंदाचे नव्हते.
भ्यालं होतं झाड."
मग लादीवर टाच आपटली.
"गळ्यापर्यंत पुरलंत ह्याला."

तीन दिवस छिन्नी. पहार नको म्हणाला, मुळं तुटतील.
शेवटची वीतभर माती हातांनीच.
घामेजलेली, आंबूस;
साल बोटाने निघत होती.
वेलीची मुळं कुजून काळी,
आणि एक पांढरं, शिवणीच्या दोऱ्याइतकं,
सिमेंटच्या भेगेतून बाहेर निघालेलं.
आम्हाला न विचारता.

एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुना.
ह्या औषधाला बोर्डो म्हणतात.
त्या बंदराला मी दोनदा लागलो होतो;
द्राक्षांच्या रांगा पाहिल्या होत्या लांबून, बसच्या काचेतून.
त्यांच्या पायांशी काय ओततात ते
कुणी दाखवलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

इनासने मिश्रणात कोयती बुडवली.
पात्यावर तांबूस चढलं.
"चुना कमी."
अजून मूठभर. परत कोयती. परत.
पातं पातंच राहिलं तेव्हा
ते निळं पाणी वेलीच्या बुडाशी ओतलं.
जमिनीवर लोळणारे फुटवे उचलून
केळीच्या सोपाने खोडाला बांधले,
सैल, बोट शिरेल एवढे.

जगेल का, विचारलं.
"झाडाला घाई नसते," इनास म्हणाला.
"मरायचीसुद्धा."

आता जिथे खोड पसरत जमिनीत जातं
ती जागा उघडी आहे.
लहानपणी तिथे गोट्या लपवायचो,
हे विसरलोच होतो.

संध्याकाळी सवयीने जातो.
बसायला काही नाही.
उभा राहतो, जरा लांबच.
पायाखाली कुठवर आला असेल तो,
ठाऊक नाही.