रविवार, वावाऊ

आज नांगर उचलायचा नाही,
फेलेती म्हणाला,
कमरेला आजोबांची विणलेली चटई गुंडाळत.

वारा तर असा,
की शीड उतरवलेलं असूनही
दोर डोलकाठीवर टकटक करत होते.

आम्ही सहाजण. सात दिवसांचे पैसे भरलेले.
ओटमारने घड्याळ पाहिलं, दोनदा.

तो होडीतून काठावर गेला,
चपला हातात धरून.

मग चर्चमधून गाणं आलं पाण्यावरून,
वाद्याविना, थरावर थर,
आणि आमची बोट नांगराभोवती
हळूच तिकडे वळली.
वाराच असणार.

दुपारी त्याची भाची हालाएवालू
वल्हवत आली :
केळीच्या पानात अळू,
नारळाच्या दुधात शिजलेलं,
भट्टीचा धूर अजून अंगाला.

उद्या वारा पडेल, ती म्हणाली.
चमचे तेवढे परत द्या.