फुंका

वाशीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर
हौसाबाई शेलारांच्या नाकाला चिमटा लावून,
तोंडात पुठ्ठ्याची नळी देऊन
पोरगेलासा टेक्निशियन ओरडतो,
फुंका आजी, फुंका, अजून, अजून, सोडू नका!

आई नळी दोन्ही हातांनी धरते,
जरा तिरकी, खालच्या अंगाला,
फुंकणी धरावी तशी.

फुंकायला तिला शिकवावं लागत नाही.
जावळीत ओली लाकडं,
लग्नानंतर कोपरखैरण्याच्या एका खोलीत
भुशाची शेगडी,
भुसा संपला की आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या.
आबा मार्केटातून पाठीवर आणायचे.
फळीवरचं निळं ‘देवगड’ आधी काळं व्हायचं,
मग आंघोळीचं पाणी गरम.
सोळा माथाड्यांचे डबे, रोज.
मिरची परतायला घेतली की
सगळी चाळ खोकायची आणि हसायची,
‘शेलारीण फोडणी देतेय!’

खिडकी होती एक.
ती रात्री लावून घ्यायचो,
कंपन्या रात्रीच वास सोडतात म्हणून.
बाहेरचं आत नको.
आतलं आतच राहिलं,
डासांच्या कॉइलसकट.

‘विडी?’ डॉक्टरीण विचारते.
नाही.
‘मशेरी?’
आई माझ्याकडे बघते, चोरी सापडल्यासारखी.
‘सोडली. नातू झाला तवा.’
डॉक्टरीण तिथे टिक करते, कोडं सुटल्यासारखी.
फळ्यांना, भुशाला, सोळा डब्यांना
त्या कागदावर चौकोन नाही.

पडद्यावरची रेघ चढते
आणि डोंगर व्हायच्या आत बसते.
‘सत्तेचाळीस टक्के,’ पोरगा म्हणतो, ‘परत एकदा करू.’
‘कशाला?’ आई म्हणते,
‘पास व्हायला पस्तीसच लागतात की.’

मी हसत नाही.
मी माळ्यावर झोपायचे.
धूर वर जातो
हे मला कुठल्या बाईंनी शिकवलेलं नाही.
गेल्या थंडीपासून स्टेशनचा जिना
मी दोन टप्प्यांत चढते,
मधे मोबाइल बघायचं निमित्त करून.

निघताना आई ती नळी मागून घेते.
‘टाकताय कशाला, चांगली हाय की.’
कोपरी सिग्नलला रिक्षावाला
रुमाल नाकावर ओढतो.
आई एक डोळा मिटून
नळीतून माझ्याकडे बघते, बराच वेळ.
मग तोंड पदराने पुसून
नळी माझ्या हातात देते.

‘तू फुंक बघू.’