किती वाव

उपर्नाविकच्या धक्क्यावर डिझेल भरत होतो
तेव्हा उयार्नेक आला. अंगात मासळीच्या कारखान्याचं जुनं जॅकेट,
एक डोळा थंडीनं कधीच खाल्लेला.
आमच्या बोटीकडे बघून म्हणाला, एवढीशीच?
एवढीशीच. तीस फूट. पोलादी.
सोल्वाय म्हणाली, लहान असली की वळते लवकर.
लहान असलं की चिरडतंही लवकर, तो म्हणाला.
त्याची मुलगी निविक्का डॅनिशमध्ये सांगत होती,
चिरडण्याचा शब्द तिनं अर्धा गिळला,
तरी आम्हाला कळला.

केबिनमध्ये नकाशा उघडला. कडा ओल्या.
किनाऱ्यालगत आकड्यांची गर्दी: बारा, नऊ, सतरा,
मग एका फ्योर्डच्या तोंडाशी आकडे थांबतात.
आत कागद कोरा. कोणी मोजलेलंच नाही.
त्यानं तिथं अंगठा ठेवला.
अंगठ्याखाली अख्खा फ्योर्ड मावला.

मोठा हिमनग डुलत असेल तर पाणी आहे समजा.
गप्प उभा असेल तर लांबून जा.
टेकलाय तो. आणि टेकलेला कधीतरी कूस बदलतो.

मग बराच वेळ काही नाही. कॉफीत साखरेचे चार खडे.
मग म्हणाला, लाल कड्याच्या पुढं गेलात
तर एक दोरी सोडा.
किती वाव लागतात, येताना सांगा.

का, ते निविक्कानं सांगितलं, धक्क्यावर, आमचे दोर सोडताना.
सात वर्षांपूर्वी, मे महिन्यात. माझा भाऊ.
स्लेज, अकरा कुत्री.
बर्फ त्या वर्षी लवकर पातळ झाला होता.

तीन दिवस वारा नाही. शीड ओल्या पोत्यासारखं.
मी नाळेवर, हातात बांबू,
बर्फाचे तुकडे बाजूला सारत:
तू इकडून जा, तू तिकडून, अरे तू तर हलतच नाहीस.
त्यांच्यात कोंडलेली जुनी हवा फुटत होती,
तळणीत पाणी पडावं तशी चुरचुर, रात्रभर.
रात्र आपली म्हणायची. सूर्य कड्याला जरा पाठ टेकायचा
आणि पुन्हा उठायचा.

पहाटे दोनला वारा फिरला, बर्फ आत शिरला.
सोल्वाय म्हणाली, धर.
चार तास धरलं. कशाला, ते विचारू नका.
पोलाद कण्हत होतं.
चमच्यांचा खण आपोआप उघडला,
एकेक चमचा खाली पडत गेला, कोणीही उचलला नाही.
मला आठवत होतं ते एवढंच
की घरी विजेचं बिल भरायचं राहिलंय.
मग ओहोटी लागली आणि बर्फानं आम्हाला सोडलं,
धरलं होतं हे विसरून गेल्यासारखं.

लाल कडा. पाणी काळं, सपाट.
खोली मोजायच्या यंत्रावर नुसत्या तीन आडव्या रेघा.
म्हणून दोरी. टोकाला शिशाचा गोळा, बुडाला चरबी.
दोन हात पसरले की एक वाव.
मी सोडत होतो, सोल्वाय मोजत होती.
वीस. चाळीस. मोजता मोजता तिचा आवाज बारीक झाला.
दोरी संपली. नांगराची जोडली. शिडाची जोडली.
कपडे वाळत घालायचीसुद्धा.
एकशे अठरा.
हाताला वजन होतं, तळ नव्हता.
वर ओढला तेव्हा चरबीला काही चिकटलं नव्हतं,
वाळूचा कणही नाही.

परतीच्या वाटेवर सोल्वाय म्हणाली, एकशे वीस सांगू.
माणसाला तळ लागतो.
मी हो म्हणालो.
पण तो धक्क्यावर कुत्र्यांना मासे टाकत उभा होता,
त्यानं नुसती मान वर केली
आणि तिच्या तोंडून निघालं: लागला नाही.
निविक्काला भाषांतर करावं लागलं नाही.

माझी ऐंशीला संपली होती, उयार्नेक म्हणाला.
तुमची लांब आहे.
मग शेडमध्ये गेला, बऱ्याच वेळानं आला,
सीलच्या कातड्याच्या वादीचं वेटोळं घेऊन.
पुढच्या खेपेला ही जोडा.

कोऱ्या जागी आता पेन्सिलीनं ११८ आहे,
वर आडवी रेघ, रेघेवर टिंब.
तळ लागला नाही, असं लिहायची तीच खूण.
वेटोळं माझ्या बिछान्याखाली. वास येतो.