दगड होता तसा

उद्या उधाणाची ओहोटी आहे, तांगी.
दोन वाजून चार मिनिटांनी समुद्र
वर्षात एखाद-दोनदाच जातो तितका लांब जाईल.
आपण साडेबाराला निघायचं.
पाणी हटत जातं तसं त्याच्या मागे मागे चालायचं,
ते मागे वळेल तेव्हा
आपली पाठ त्याच्याकडे हवी.

नवे पांढरे बूट आणलेस म्हणे रेनहून.
राहू देत दाराशी.
तुझ्या आजोबाच्या, फांशच्या, प्लास्टिकच्या चपला आहेत माझ्याकडे.
का आहेत ते विचारू नकोस.
टाचा झिजल्यात, पण कालवांच्या धारेला पुरतील.

तपकिरी शेवाळ दिसतं गादीसारखं,
त्यावर पाऊल टाकलंस की आडवा झालास.
खरबरीत, पांढऱ्या खवल्यांचा खडक बघ,
तो पायाला टोचेल, पण दगा देणार नाही.
फांश म्हणायचा, माणसंही अशीच निवडावीत.
(त्याने तशी निवडली नाहीत, ते वेगळं.)

पहिल्या डबक्याशी पोटावर झोप.
सावली मागे पडू दे.
काहीच दिसणार नाही आधी, नुसतं आभाळ आणि तुझं नाक.
मग एक कोळंबी हलेल, काचेची असल्यासारखी,
मग तिच्यामागे आणखी नऊ.
जाळी घाईने घालू नकोस. ती मागच्या मागे उडी मारते,
म्हणून जाळी तिच्या शेपटीकडे धरायची
आणि समोरून नुसतं बोट दाखवायचं.

टोपीसारखे शंख खडकाला चिकटलेले दिसतील.
भरतीत ते चरायला जातात, ओहोटीआधी
आपापल्या जागी परत येतात,
खडकात प्रत्येकाच्या मापाची बैठक कोरलेली.
मी टपाल वाटलं एकतीस वर्षं,
इतके पक्के पत्ते गावात नव्हते.

खेकडा पकडलास की आधी पट्टी.
पट्टीच्या खाचेत मावला, तर लहान. सोड.
पोटाखाली अंडी असली, तर कितीही मोठा असो, सोड.
तो चावेल सोडतानासुद्धा. त्याला काय माहीत.

आणि दगड.
उलटलास तर खाली बघ, हवं तेवढं बघ,
माशाच्या पिवळ्या अंड्यांची ओळ, चिखलरंगी तारा,
कुणीतरी गडबडून आत सरकेल.
मग दोन्ही हातांनी तो होता तसा ठेव,
शेवाळाची बाजू वर, ओली पोकळी खाली.
कुणाच्या घराचं छप्पर उचलून बघितलंस,
निदान परत तरी घाल.

तीन वाजता मी शिट्टी वाजवीन.
तेव्हा हातातलं टाकून यायचं.
पोर्झ ग्वेनला पाणी समोरून येत नाही,
मागची घळ आधी भरते, गुपचूप,
तू अजून कोरड्या खडकावर शहाणा असतोस.
फांश असाच अडकला एकदा, सात तास, त्या टोकावर,
गाणी म्हणत, विजार डोक्याला गुंडाळून.
त्याची बादली त्याच्या आधी घरी पोचली.

आता तो असतो तिकडे आत, जमिनीत खोल,
खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा.
रविवारी मी जाते हात न धुता.
तो माझी बोटं नाकाशी धरतो,
बराच वेळ धरतो.
माझं नाव कधी सापडतं त्याला, कधी नाही.
पण विचारतो दर वेळी, अगदी हलक्या आवाजात,
दगड परत ठेवलेस ना?

ठेवले, म्हणते.
सगळे? 
सगळे.

तर उद्या खोटं पडू देऊ नकोस मला.
खारं लोणी मी घेते, पाव तू आण.
कालचा असला तरी चालेल.