जपान्याचे गुडघे

पार्सल आलं ऐन वैशाखात.
चितार ओळीत कोणाकडे काय आलं
ते आधी ओळीला कळतं, मग घराला.
वैजयंतीला मी किंमत सांगितली आठशे.
एक शून्य वाटेत कुठे गळालं म्हणा.

वीतभर पुतळा. अंगात तीसेक सांधे.
सोबत सुटे नऊ हात : मुठीचे, पंज्याचे,
तलवार धरायचे, काहीच न धरायचे.
चेहरे दोन. एकाने दातओठ खाल्लेले,
दुसरा नुसताच दमलेला.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
चाळीस वर्षं गणपतीच्या मांड्या थापलेले हात
आधी धोतराला पुसले,
मग त्याला उचललं, सांडलेली सुई उचलावी तसं.
कोपर वाकवला. टिक्.
मनगट. टिक्.
मान अशी वळवली
की तो थेट माझ्याकडेच बघायला लागला.
"काम चोख हाये," म्हणाले.
माझ्या कामाबद्दल हे वाक्य
मी अजून ऐकायचा आहे.

थोड्या वेळाने :
"पन हेमराजा, येचा सोताचा ढंग कोन्ता?
आपन मूर्ती बसवतो, तं थे बसते.
एकडाव सुकली का मंग
ब्रह्मदेव आला तरी उठत नाही.
हा तं जो येईन त्याचं आयकते."

मी सांगत होतो : लढायचा पवित्रा,
एका पायावरची झेप, हवेत तोलून धरणारा स्टँड.
त्यांचं लक्ष नव्हतं.
ते त्याला उकिडवा बसवत होते.

उकिडवा म्हणजे आमच्या ओळीत बसतात तसा,
टाचा भुईला, गुडघे बगलेत,
पुढ्यात मातीचं घमेलं.
जपान्या बसेना.
मांडीवरचं चिलखत पोटाला अडे,
टाच उचले,
तो मागच्या मागे कलंडे.
"तिकडं कोनी उकिडवं बसत नाही काय बे?
मंग थे लोक मूर्ती कसे घडवत असतीन?"

मेडिकलच्या डॉक्टरांनी बाबांचं खाली बसणं
गेल्या मारबतीपासून बंद केलंय.
वंगण संपलं म्हणाले,
फोटोत हाडावर टेकलेलं हाड दाखवलं.
आता ते स्टुलावर.
मूर्तीचे पाय माझ्याकडे आले.
डोळे अजून त्यांचेच.

पारा सेहेचाळीसला टेकला
तसे जपान्याचेही गुडघे ढिले पडले.
कूलरसमोर ठेवला, तर वाऱ्याने नमस्कार घालायला लागला.
मग एका रात्री केव्हातरी
बाबांनी खोबणीत डिंकाचा पातळ हात दिला
डोळे आखायच्या कुंचल्याने,
आणि पॉलिश पेपर घेऊन
मांडीवरचं चिलखत दोन्हीकडून
घासून टाकलं.

घासून टाकलं!
मी ओरडायला तोंड उघडलं
आणि वैजयंती चहा घेऊन आली.
आठशेच्या वस्तूसाठी
माणूस किती ओरडू शकतो?

जपान्या बसला होता.
टाचा टेकलेल्या. हात तलवारीचा,
पण त्यात खराट्याची काडी, टोकाशी तासलेली.
चेहरा दमलेला लावला होता.
पुढ्यात बाटलीच्या झाकणात
चिमूटभर शाडू.

खोक्यात एक घडीचा कागद आहे, जपानीत.
फोनवर धरून मी तो वाचून घेतला :
एकाच स्थितीत फार दिवस ठेवू नये,
सांध्यांवर ताण येतो.

म्हणून रात्री सगळे निजले की मी उठतो,
अंधारात त्याचे पाय सरळ करतो,
उभा करून ठेवतो.
सकाळी तो पुन्हा उकिडवा.
यावर आम्ही दोघं काही बोलत नाही.

आज झाकणातली माती
ओली होती.